डोक्यावरचा न दिसणारा फेटा

मुळशीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला तो सांगायला नको, आणि ज्याने पाहिला नाही त्याला सांगून पटायचा नाही. आषाढातल्या अशाच एका धुवांधार सकाळी परसदारच्या शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय सटकला आणि डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. रक्ताचा थेंबही आला नाही. उठून बसलो आणि सौभाग्यवतीला विचारले, "पेपर आला का?" ती "हो" म्हणाली. मिनिटभराने मी पुन्हा तेच विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मात्र तिने शेजारच्या मुलाला गाडी काढायला सांगितली. यातले मला काहीच आठवत नाही. हे सारे तिच्या तोंडून ऐकलेले.

पुण्याला नेऊन स्कॅन केला. कवटीला तडा नाही, आत रक्तस्राव नाही. "मेंदूला हादरा बसलाय. विश्रांती घ्या," असे सांगून घरी पाठवले. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझे खरे दुखणे तिथून पुढे सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी डोक्यावर दाब आला. याला ठणका म्हणता येत नव्हते, की अर्धशिशीही. कोणी तरी घट्ट फेटा आवळून बांधावा आणि तो सोडायचे विसरून जावे, तसे काहीसे. वाचायला बसलो की फेटा आवळे, खाली वाकलो की आवळे, चार माणसे एकदम बोलू लागली की आवळे. आमच्या धरणाच्या भिंतीमागचे पाणी जन्मभर पाहिलेले. मनात आले, तसेच काही तरी डोक्यात तुंबत असणार आणि एके दिवशी भिंत फुटणार!

आळीतल्या मंडळींनी उपायांचा पाऊस पाडला. सुंठेचा लेप झाला, दृष्ट काढून झाली, आणि एका हितचिंतकाने तर "न्हाव्याकडून कडाकड मान मोडून घ्या, गुरुजी," असा सल्ला दिला. सुदैवाने तेवढे ऐकले नाही.

पण एक गोष्ट माझ्या हातून घडली. नात ओटीवर बसून पाढे घोकत होती. पोरीचा आवाज खणखणीत. एकेक आकडा हातोडीसारखा डोक्यात बसत होता. मी इतक्या मोठ्याने ओरडलो की ती वही घेऊन निमूटपणे उठून गेली. दुसऱ्या दिवशी ती ओटीवर आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. पस्तीस वर्षे पोरांना पाढे शिकवणारा मी, आणि मला पाढे सहन होईनात! त्या रात्री दाब दुप्पट झाला.

विजेचा दाब

अखेर पौडच्या डॉक्टरांकडे गेलो. धरणाची भीती सांगितली. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

"गुरुजी, डोक्यात पाणी तुंबलेले नाही. तुमचा दाब वाढलेला नाही, उलट कमी झाला आहे. विजेचा दाब म्हणा. हादऱ्याने मेंदूतल्या पेशींच्या क्षारांची घडी विस्कटते. ती पुन्हा बसवायला जास्त शक्ती लागते आणि नेमका त्याच वेळी पुरवठा अपुरा पडतो. घराची भिंत शाबूत असते म्हणून स्कॅनमध्ये काही दिसत नाही. पण व्होल्टेज कमी असताना पंप, पंखा आणि मिक्सर एकदम लावलात, तर दिवा मिणमिणणारच."

आमच्या मुळशीचे पाणी डोंगराखाली भिऱ्याला उतरते आणि तिथे तयार झालेल्या विजेवर मुंबईचे दिवे लागतात. व्होल्टेज म्हणजे काय हे आम्हाला आणखी समजावून सांगायला नको.

दुसरे कारण त्यांनी बोटाने दाबून दाखवले. पडताना मानेला हिसका बसतो, मागचे स्नायू ताठरतात, आणि त्यांचे दुखणे वर चढून कपाळाशी येते. मान मोडून घेण्याचा सल्ला सांगितला, तेव्हा मात्र त्यांनी डोळे वटारले.

अंथरूणही नको, आडदांडपणाही नको

पूर्वी अंधाऱ्या खोलीत कित्येक दिवस पडून राहायला सांगत. आता ते मत मागे पडले आहे. पहिले एक-दोन दिवस घरात शांतपणे काढावेत, मोबाइल आणि टीव्ही शक्य तितके दूर ठेवावेत. मग हळूहळू चालू लागावे. दाबाला 10 पैकी गुण द्यावेत. चालून किंवा वाचून तो एक-दोन गुणांनी वाढला आणि तासाभरात उतरला, तर घाबरू नये. त्याहून अधिक वाढला तर थांबावे, आणि दुसऱ्या दिवशी थोडे कमी करावे.

झोपेची वेळ ठरलेली असावी, जेवण चुकवू नये, मानेला कोमट शेक द्यावा. डोकेदुखीची गोळी रोजची करू नये. फार गोळ्यांनीच डोके दुखू लागते. दारू वर्ज्य. डॉक्टर सांगेपर्यंत स्कूटर आणि शिडीही वर्ज्य, कारण बरे होण्याआधी दुसरा मार बसणे फार वाईट.

मात्र दाब सतत वाढत गेला, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झोपेतून जाग येईना, झटका आला, जीभ जड झाली, हातपाय लुळा पडला, एक बाहुली मोठी दिसली किंवा नाका-कानातून पाणी आले, तर घटकाभरही न थांबता दवाखाना गाठावा. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्याने तर डोक्यावर पडताच तपासून घ्यावे.

क्रिकेटवाल्यांना हे पटायला वेळ लागला. 17 मार्च 1962 रोजी बार्बाडोसमध्ये ग्रिफिथच्या चेंडूने नरी काँट्रॅक्टर यांची कवटीच फुटली. आपल्या पुण्याचे चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, उम्रीगर आणि प्रतिस्पर्धी कप्तान वॉरेल यांनी रक्त दिले, तेव्हा प्राण वाचले. ती जखम सर्वांना दिसली. न दिसणाऱ्या हादऱ्यासाठी बदली खेळाडू देण्याचा नियम आंतरराष्ट्रीय सामन्यांत यायला मात्र 2019 साल उजाडले. डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेराला जडेजाच्या शिरस्त्राणावर चेंडू आदळला, आणि त्याच्या जागी आलेल्या चहलने 3 बळी घेऊन सामनावीराचा मान मिळवला. मैदानावरच्या जवानाला बसवून ठेवतात, तर म्हाताऱ्या मास्तराने लाज का धरावी?

रोज एक पाढा

मी नातीला बोलावून घेतले. "बाळ, आजोबांच्या डोक्यात व्होल्टेज कमी आहे. तुझ्यावर राग नाही," असे सांगितले. तिला ते मोठ्यांपेक्षा लवकर समजले. ठरले असे, की रोज एकच पाढा, हळू आवाजात. पहिल्या दिवशी बेचा पाढाही मला जड गेला. सकाळी रस्त्याने पाच मिनिटे चालणे, मग दहा, मग तळ्याच्या काठापर्यंत. सुधारणा सरळ रेषेत नव्हती. एक दिवस हलका, तर दोन जड. बहुतेकांचा फेटा काही आठवड्यांत, महिन्याच्या आत सुटतो. माझा वयामुळे म्हणा, लांबला. शेजारच्या आत्याबाई म्हणाल्या, "भाताची लावणी केली, की रोप आधी पिवळं पडतं. म्हणून ते रोज उपटून बघायचं नसतं."

गणपतीत आरतीला मी बाहेरच्या पडवीत उभा राहिलो. झांजा आतच राहू दिल्या. दसऱ्याला दाबाचा 1 गुण उरला.

परवा नातीने एकोणतिसाचा पाढा मोठ्याने म्हटला. सातव्या घरी ती अडली.

"दोनशे तीन," मी म्हणालो, आणि तिला म्हटले, "आता तिसाचा घे."