व्हर्सायचा तह आणि परळचा मजूर

हिंदमाता येथील कापडबाजारात बसलेल्या व्यापाऱ्यास व्हर्सायच्या तहाशी आपला काय संबंध, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. संबंध आहे, आणि तो ज्या गिरणगावात हा बाजार वाढला त्या गिरणगावाच्या द्वारेच आहे, असे आमचे म्हणणे आहे.

पहिल्या महायुद्धानंतरचा हा तह 28 जून 1919 रोजी झाला. त्यावर हिंदुस्थानच्या वतीने भारतमंत्री माँटेग्यू व बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी सह्या केल्या. लोकांनी निवडलेला एकही मनुष्य तेथे नव्हता. राष्ट्रीय सभेने डिसेंबर 1918 मध्ये लोकमान्य टिळकांस प्रतिनिधी निवडले होते. परंतु इंग्लंडात असूनही त्यांस पॅरिसला जाऊ दिले गेले नाही.

त्या तहातील सूडाची कलमे जगास ठाऊक आहेत. युद्धाचा दोष जर्मनीच्या माथी मारला गेला आणि 1921 साली 13,200 कोटी सुवर्णमार्कांची खंडणी ठरली. खंडणी पुरती वसूल झाली नाहीच. उलट त्या अपमानाचे भांडवल करून हिटलर सत्तेवर आला आणि 1 सप्टेंबर 1939 रोजी दुसरे महायुद्ध पेटले.

पण त्याच तहाचा तेरावा भाग मजुरांविषयी होता. मजुरांस न्याय मिळाल्यावाचून जगात शांतता टिकणार नाही, हे त्याचे मूळ सूत्र. त्यातून आंतरराष्ट्रीय मजूर संघटना जन्मली. राष्ट्रसंघ बुडाला, ही संस्था मात्र आजही उभी आहे. तिची पहिली परिषद ऑक्टोबर 1919 मध्ये वॉशिंग्टन येथे भरली. हिंदी मजुरांतर्फे तेथे गेले ते सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक नारायण मल्हार जोशी. परंतु त्यांस सरकारने नेमले होते, मजुरांनी नव्हे. कारण मजुरांची देशव्यापी संघटनाच नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी 31 ऑक्टोबर 1920 रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली.

वॉशिंग्टनच्या ठरावात इतरांस आठवड्याचे 48 तास मिळाले, हिंदुस्थानास 60. तरीही लाभ झाला. 1911 च्या कायद्याने गिरणीतील पुरुषास दिवसाचे बारा तास राबवता येत असे व नऊ वर्षांचे मूलही कामास लावता येत असे. 1922 च्या कायद्याने आठवड्याचे 60 तास व मुलांसाठी किमान वय बारा वर्षे ठरले. पुढे 1934 साली बारमाही कारखान्यांत 54 आणि 1946 साली 48 तास झाले. जगास दिलेले माप आमच्या मजुराच्या पदरी पडण्यास सत्तावीस वर्षे लागली! तेही केवळ तहाच्या कृपेने नव्हे. 1919 व 1920 या दोन्ही वर्षांच्या जानेवारीत लाखाहून अधिक गिरणीकामगारांनी संप केले, तेव्हा कोठे मालक व सरकार यांस जाग आली.

आता परळ-लालबागच्या गिरण्या गेल्या. 1982 च्या संपानंतर त्या एकामागून एक बंद पडल्या व त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. परंतु त्या मनोऱ्यांच्या फाटकावरील पहारेकरी, घरोघर खाणे पोहोचवणारा दुचाकीस्वार आणि आमच्याच दुकानांत दिवसभर उभा असणारा नोकर, यांचे तास कोण मोजतो? कायदा आहे, पण पुष्कळ ठिकाणी तो कपाटात आहे.

आम्ही व्यापारी वाचकांस एवढेच विचारतो, की आपल्या नोकराचे कामाचे तास लेखी ठरले आहेत काय? त्यास आठवड्याची पगारी सुटी मिळते काय? जास्त तासांचा जादा पगार मिळतो काय? परक्यांच्या तहातील एक चांगले कलम आमच्या शहरात येण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला. जे मिळाले ते आपल्याच हातून जाऊ देणे हा शहाणपणा नव्हे, आणि न्यायही नव्हे. ज्यास हे पटेल, त्याने येत्या पगाराच्या दिवसापासून आपल्या दुकानात आरंभ करावा.