नॅरोबोटीतून लँगॉलेनच्या बाजारात

लँगॉलेन हे वेल्सच्या ईशान्येला डी नदीकाठी वसलेले छोटे गाव. नॅरोबोट भाड्याने घेऊन कालव्यांवर सुट्टी घालवणाऱ्या ब्रिटिश मंडळींचा एक दिवस या गावासाठी राखून ठेवलेला असतो. नॅरोबोट म्हणजे जेमतेम सात फूट रुंद आणि सत्तर फुटांपर्यंत लांब असणारी पोलादी होडी. झोपायच्या जागा, स्वयंपाकघर, संडास, न्हाणी, सगळे एकामागोमाग एका ओळीत. अठराव्या शतकात मध्य इंग्लंडमधल्या कालव्यांवरची अनेक लॉक, म्हणजे होडी वर-खाली नेणारी दारांची कुंडे, सात फुटी बांधली गेली आणि होड्यांना ते माप कायमचे चिकटले. सुट्टीपुरती होडी चालवायला परवाना लागत नाही. भाड्याने देणारेच निघण्यापूर्वी शिकवतात. वेगाची कमाल मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे झपाझप चालणारा माणूस सहज सोबत करू शकेल इतकी.

गावाला जायचे असेल तर आदल्या रात्री होडी बहुधा चर्क किंवा ट्रेव्हरच्या आसपास बांधतात. चर्ककडून येताना ट्रेव्हरच्या तोंडाशीच पाँटकसल्टेचा जलसेतू लागतो. टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी उभारलेला हा पूल १८०५ साली खुला झाला. दगडी खांबांवर ओतीव लोखंडाची ३०७ मीटर लांबीची पन्हळ बसवलेली आहे आणि खाली ३८ मीटरवर डी नदी वाहते. एका अंगाला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या अंगाला पन्हळीची कड पाण्याच्या जरा वर येऊन संपते, पुढे काहीच नाही. सुकाणू धरणाऱ्याला त्या बाजूने थेट दरीच दिसते. होडी पन्हळीतच असल्याने ती पडण्याचा प्रश्न नसतो, पण हे ठाऊक असूनही अनेक जण पायवाटेने चालत जाणेच पसंत करतात. हा पूल आणि त्याला जोडून असलेला कालव्याचा ११ मैलांचा पट्टा २००९ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

पूल ओलांडला की लँगॉलेनसाठी लगेच डावीकडे काटकोनात वळावे लागते. या वळणामागे एका अपुऱ्या राहिलेल्या बेताची कथा आहे. कालवा मुळात सरळ उत्तरेला रेक्सम आणि चेस्टरकडे न्यायचा होता. तो मार्ग रद्द झाला आणि त्यासोबत तिकडून मिळायचे पाणीही गेले. मग गावाच्या वरच्या अंगाला, हॉर्सशू फॉल्स येथे टेलफर्डने डी नदीवर अर्धगोलाकार बंधारा घातला आणि तिथून पाणी आणणारी शाखा १८०८ च्या सुमारास पुरी केली. लँगॉलेनचा कालवा तो हाच. मूळ काम पाणी आणण्याचे, त्यामुळे तो अरुंद, उथळ आणि चक्क वाहता आहे; एरवी कालव्याचे पाणी जवळपास स्थिर असते. मालवाहतूक संपल्यावर १९४४ मध्ये या कालव्यावरची नौकावाहतूक कायद्याने बंदही झाली होती. तरी तो बुजवला गेला नाही, कारण चेशरमधल्या हर्लस्टन जलाशयाला यातूनच पिण्यासाठीचे पाणी जाते. आजही दिवसाला सुमारे पाच कोटी लिटर पाणी या वाटेने जाते. आज सहली निघतात त्या नळाच्या पाण्याच्या जिवावर, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

होडीवाल्याला या इतिहासाचा प्रत्यय ट्रेव्हरपासून पुढच्या चारेक मैलांत येतो. लॉक एकही नाही, तरी दोन तास सहज जातात, कारण होडी प्रवाहाविरुद्ध चढत असते. इंजिनाचा जोर वाढवून उपयोग होत नाही. उथळ पाण्यात होडीचा मागचा भाग आणखी खाली बसतो आणि लाट उठून काठ मात्र ढासळतो. गावाजवळ डोंगराच्या कड्याला खेटून जाणारे काही टप्पे इतके चिंचोळे आहेत की दोन होड्या समोरासमोर आल्या तर कोणालाच वाट नाही. म्हणून एकाने मोबाइल घेऊन काठाने पुढे जायचे, समोर कोणी नाही याची खात्री करायची आणि मग मागच्यांना बोलवायचे. उन्हाळ्यात या जागी थोडी वादावादीही होते.

होडी लावायची सोय धक्क्याच्या पुढे, खास बांधलेल्या गोदीत आहे. तिथे पैसे पडतात, पण पाणी आणि वीज मिळते. मोठी होडी वळवायचीही तिथेच, कारण त्यापुढे इंजिनाच्या होड्यांना मनाई आहे. फक्त घोड्याने ओढायच्या सहलीच्या होड्या जातात. त्या इथे १८८४ पासून चालू आहेत. गर्दीच्या दिवसांत गोदी भरलेली असते. अशा वेळी होडी ट्रेव्हरला ठेवून काठाच्या पायवाटेने गावात येणे हाच शहाणपणा. गोदीबाहेर बांधताना काठाच्या मातीत लोखंडी मेखा तिरप्या ठोकून दोर बांधतात, तोही किंचित सैल. 

कालवा गावाच्या वरून जातो, त्यामुळे उतार उतरला की डी नदीवरचा जुना दगडी पूल आणि शेजारचे स्टेशन समोरच येते. इथून हौशी स्वयंसेवकांनी पुन्हा उभी केलेली रेल्वे नदीकाठाने कॉर्वेनपर्यंत जाते. पुलापलीकडे दुकाने. होडीवरचा फ्रिज लहान असल्याने दूध, पाव, भाजीची खरेदी हे गावात येण्याचे मोठे कारण असते, आणि पिशव्या पुन्हा चढावरून न्यायच्या असल्याने ती शेवटी केलेली बरी. गावाच्या टोकाला प्लास न्यूइड हे घर आहे. आयर्लंडमधून आलेल्या एलेनॉर बटलर आणि सारा पॉन्सन्बी या दोन मैत्रिणी १७८० पासून जवळजवळ पन्नास वर्षे तिथे एकत्र राहिल्या; वर्ड्‌सवर्थ आणि वॉल्टर स्कॉटही त्यांना भेटून गेले. पायांत बळ असेल त्याने धक्क्याजवळून निघणारी वाट धरून डिनास ब्रानच्या तेराव्या शतकातल्या पडक्या किल्ल्यावर जावे. जुलैत येणाऱ्यांना मात्र गर्दीची तयारी ठेवावी लागते: १९४७ पासून इथे आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरतो. १९५५ मध्ये इटलीतल्या मोडेनाच्या ज्या वृंदाने इथे पहिले बक्षीस जिंकले, त्यात पुढे जगप्रसिद्ध झालेला लुचानो पावारोत्ती वडिलांसोबत गात होता.

परतताना प्रवाह सोबतीला असतो आणि वेळ वाचतो. पण चिंचोळ्या टप्प्यांत माणूस पुढे पाठवावाच लागतो, कारण मागून रेटा असलेली होडी थांबवणे अवघड जाते. भाड्याच्या होड्या अंधार पडल्यावर चालवू देत नाहीत. त्यामुळे त्याच दिवशी जलसेतू ओलांडून पलीकडे जायचे असेल, तर दुपारीच गाव सोडावे लागते.