पाठवणीची गाणी

विवाहविधी आटोपल्यावर नववधू माहेर सोडून सासरी निघते, त्या प्रसंगी माहेरच्या स्त्रियांनी म्हणावयाची निरोपाची लोकगीते. त्यांचा अंतर्भाव स्त्रीगीतांत होतो. हिंदी भाषक प्रदेशांत या गीतांना ‘बिदाई’ची गीते म्हणतात. पूर्व विदर्भात, विशेषतः गोंदिया जिल्ह्यात, पाठवणी व बिदाई हे दोन्ही शब्द प्रचलित आहेत.

निरोपगीत लोकप्रिय झाले, की त्याच्या कर्त्याचा शोध सुरू होतो. फिजी बेटांतील ‘ईसा लेई’ या प्रसिद्ध निरोपगीताच्या कर्तृत्वावर फिजी व शेजारचे टाँगा या दोहोंनी हक्क सांगितला आहे. मराठी पाठवणीच्या गाण्यांबाबत असा वाद संभवत नाही. कारण त्यांना कोणी एक कर्ता नाही. विवाहानंतर स्त्रीने पतिगृही राहावयाचे ही रूढी आणि बालविवाहाची चाल यांतून ती निर्माण झाली. वधूच्या पाठवणीचे भारतीय साहित्यातील सर्वांत ख्यातनाम चित्र कालिदासाच्या अभिज्ञानशाकुंतल नाटकाच्या चौथ्या अंकात आढळते. विवाहविधीतही या प्रसंगाला स्थान आहे. ‘ऐरिणीदान’ किंवा ‘झाल’ या विधीत दिवे लावलेले वेळूचे पात्र वरपक्षाच्या वडीलधाऱ्यांच्या मस्तकी टेकवून मुलगी त्यांच्या स्वाधीन करतात. त्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या संस्कृत श्लोकात मुलगी आठ वर्षांची असल्याचा उल्लेख असून, पुत्राप्रमाणे वाढविलेल्या या कन्येचे आता तुम्ही प्रेमाने पालन करावे, अशी विनंती आहे. पुरोहिताने संस्कृतात केलेली हीच विनवणी स्त्रिया आपल्या बोलीत करीत.

या गाण्यांचा परंपरागत छंद बहुधा ओवीचा होय [⟶ ओवी]. महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, अशी नोंद बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या ग्रंथात आहे. दळण-कांडणाच्या वेळी रचलेल्या व पाठ झालेल्या ओव्या प्रसंगानुरूप फेरफार करून लग्नघरी म्हटल्या जात. आईची घालमेल, बापाचे मूक दुःख, सोबतीला धाडलेली पाठराखीण, पुढे मुऱ्हाळी म्हणून येणाऱ्या भावाची आशा हे त्यांतील नेहमीचे विषय. गाणे वधूला उद्देशून असले, तरी ते वराकडील स्त्रियांच्याही कानी पडते. ‘लेकीला सांभाळा’ हे मागणे वधूच्या आईला एरवी विहिणीपुढे उघडपणे मांडणे कठीण असे. गाण्यात मात्र ते मोकळेपणी मांडता येई. गाणाऱ्या स्त्रिया स्वतःही कधीकाळी अशाच पाठविल्या गेलेल्या असत. त्यामुळे वधूला केलेल्या उपदेशात त्यांचा स्वतःचा सासुरवासही व्यक्त होतो.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा व पूर्वेस छत्तीसगड असलेल्या या भातपिकाच्या प्रदेशात प्रमाण मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी व छत्तीसगढी या भाषा-बोली बोलल्या जातात. सोयरीक राज्याची सीमा ओलांडून होत असल्याने लग्नातील गाणी व शब्दही एका बोलीतून दुसरीत जातात. पाठवणीचा क्षण मात्र सर्व समाजांत एकाच ठिकाणी येत नाही. गोंडांमध्ये विवाह वराच्या घरी लावण्याची चाल रसेल व हीरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या आपल्या ग्रंथात (१९१६) नोंदविली आहे. अशा विवाहात माहेरचा निरोप लग्न लागण्यापूर्वीच घ्यावा लागतो. पाठवणीचे गाणे विवाहाच्या अखेरीस येते, हे विधान म्हणूनच सर्वत्र लागू पडत नाही.

१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ वर्षे ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ वर्षे झाले. पिठाच्या व भाताच्या गिरण्यांमुळे दळण-कांडणाचे कष्ट कमी झाले, पण ओव्या शिकण्याचे नित्याचे स्थानही गेले. त्याच काळात ध्वनिमुद्रिका व आकाशवाणी यांद्वारे भावगीत घरोघरी पोहोचले. पी. सावळाराम यांनी लिहिलेले, वसंत प्रभू यांनी स्वरबद्ध केलेले आणि लता मंगेशकर यांनी गायिलेले पाठवणीचे गीत अनेक लग्नांत पारंपरिक गाण्यांच्या जागी वाजविले जाऊ लागले. या बदलाने गाण्यातील करुण भाव टिकला. पण वधूचे, तिच्या घराचे व गावाचे नाव गुंफून तिच्यासाठी मागणे मागण्याची सोय उरली नाही. साने गुरुजी, सरोजिनी बाबर प्रभृतींनी स्त्रीगीतांचे संकलन केले. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संग्रहित झाल्या. वयाने लहान असतानाच परक्या घरी गेलेल्या स्त्रियांना काय वाटत होते, हे त्यांच्याच शब्दांत सांगणारे साधन म्हणून या संग्रहांचे सामाजिक इतिहासातील महत्त्व मोठे आहे.