गळाला महागडे रीळ हवेच का?

उजनीसारख्या धरणांच्या काठावर बांबूच्या काठीशेजारी आता रीळवाल्या काठ्याही दिसतात. रिळाची किंमत हजार-दीड हजारापासून थेट वीस हजारांच्या वर. एवढ्यात एकरभर सोयाबीनचे बी-खत सहज येते! दुकानदार बेअरिंग मोजून दाखवतो. पण बेअरिंग जास्त म्हणून मासे जास्त लागतात, असे काही नाही.

बघायचा तो ड्रॅग. मोठा कटला गळाला लागून पळाला की दोर झटका न देता, एकसारखा सुटला पाहिजे. अडकला की तुटलाच म्हणून समजा. दुकानातच हाताने ओढून बघा. मधल्या किमतीच्या रिळातही हे काम चोख मिळते. महागड्या रिळात बराच पैसा जातो तो खारे पाणी आत शिरू नये म्हणून केलेल्या बंदोबस्ताला. मालवणच्या खडकावरून गळ टाकणाऱ्याला तो कामाचा. धरणाच्या गोड्या पाण्यात त्याचे काय? चिलापीला तर साधी काठी आणि गांडूळ पुरे. उरलेला पैसा चांगल्या दोरात अन् धारदार गळात घालावा. रीळ वाळूत मात्र ठेवू नये, आणि घरी आल्यावर ड्रॅग सैल करून पुसावे.

आणखी एक. बऱ्याच तलावांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो. काठी घेऊन निघण्याआधी संस्थेत किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे.