नेटवर्क अॅक्सेस सर्व्हरवरील ‘स्लिप’ जोडणी : कॉन्फिगरेशनमागील तत्त्वांचे विवेचन

प्रस्तावना :
संगणकशास्त्राच्या अध्यापनात ‘स्लिप’ आणि ‘पीपीपी’ या प्रोटोकॉलमधील फरक बहुधा तक्त्याच्या रूपाने सांगितला जातो. तक्ता पाठ होतो, परंतु फरकामागील कारण विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. डायल-अपच्या काळात मोडेमवरून आलेले कॉल स्वीकारून वापरकर्त्यास इंटरनेटशी जोडण्याचे कार्य नेटवर्क अॅक्सेस सर्व्हर करीत असे. त्यावर स्लिप जोडणी कशी सिद्ध केली जाई हे पाहिल्यास ते कारण उलगडते. प्रोटोकॉल जे स्वतः करीत नाही, ते व्यवस्थापकास आधीच ठरवून द्यावे लागते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

स्लिपचे स्वरूप :
स्लिप म्हणजे सीरियल लाइन इंटरनेट प्रोटोकॉल. रिक अॅडम्स यांनी १९८४ च्या सुमारास बर्कले युनिक्ससाठी त्याची अंमलबजावणी केली. जून १९८८ मध्ये आरएफसी १०५५ द्वारे त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पॅकेटची सीमा दाखविणे एवढेच त्याचे कार्य होय. पॅकेटच्या शेवटी १९२ मूल्याचा बाइट पाठविला जातो. मजकुरातच १९२ आल्यास त्याऐवजी २१९ व २२०, आणि २१९ आल्यास २१९ व २२१ अशी जोडी पाठविली जाते. पत्त्यांची देवाणघेवाण, ओळख पटविणे, दोष शोधणे यांपैकी कशाचीही तरतूद त्यात नाही.

कॉन्फिगरेशनचे टप्पे :
१) लाइन : आठ बिटांचे प्रेषण आवश्यक असते. १७ व १९ या नियंत्रण-बाइटना स्लिप संरक्षण देत नाही. त्यामुळे एक्सऑन-एक्सऑफ पद्धतीचे प्रवाह-नियंत्रण ठेवल्यास मजकुरातील हे बाइट वाटेतच गिळले जातात. जोडणी झालेली दिसते, परंतु काही फाइली पोहोचत नाहीत. म्हणून हार्डवेअर प्रवाह-नियंत्रण निवडावे लागते.

२) ओळख : वापरकर्त्याचे नाव व संकेतशब्द स्लिप सुरू होण्यापूर्वीच विचारावे लागतात. सिस्को सर्व्हरवर लाइन ‘इंटरअॅक्टिव्ह’ ठेवल्यास हे साधते. ‘डेडिकेटेड’ ठेवल्यास लाइन थेट स्लिपमध्ये जाते व विचारणेची संधीच उरत नाही.

३) पत्ता : प्रत्येक लाइनला निश्चित आयपी पत्ता देणे किंवा संचातून पत्ता देऊन तो पडद्यावर दाखविणे, असे दोन मार्ग आहेत. दुसऱ्या मार्गात तो पत्ता वापरकर्त्याच्या संगणकाने वाचून घ्यावा लागतो. तो चुकल्यास उत्तरादाखल येणारी पॅकेटे त्याच्याकडे परतत नाहीत.

४) पॅकेटचा आकार व संक्षेपण : आरएफसी १०५५ मध्ये १००६ बाइटची मर्यादा सुचविली आहे. ९६०० बिट प्रतिसेकंद वेगाने एवढे पॅकेट जाण्यास एक सेकंदाहून अधिक काळ लागतो. सबब, टंकलेखनासारख्या कामासाठी लहान आकार सोयीचा ठरतो. एका अक्षरासोबत ४० बाइटचे शीर्ष जाते. व्हॅन जेकबसन यांच्या १९९० च्या पद्धतीने ते सामान्यतः तीन ते पाच बाइटवर येते. मात्र दोन्ही टोकांना ही पद्धत ठाऊक असावी लागते. समोरून संक्षिप्त शीर्ष आले तरच आपण तसे पाठवावे, असा ‘पॅसिव्ह’ पर्याय त्यासाठीच योजलेला आहे.

निष्कर्ष :
जुलै १९९४ मध्ये आरएफसी १६६१ द्वारे पीपीपी इंटरनेटचे मानक म्हणून प्रस्थापित झाला. नियंत्रण-बाइटांचे संरक्षण, ओळख, पत्ता, आकार व संक्षेपण यांविषयीची बोलणी पीपीपीच्या कक्षेत जोडणीच्या वेळी होतात. वरील प्रत्येक टप्पा अशा रीतीने व्यवस्थापकाकडून प्रोटोकॉलकडे गेला. स्लिप आज मुख्यत्वे लहान अंतर्भूत उपकरणांपुरता उरला आहे. तथापि त्याच्या उणिवा क्रमाने मांडल्यास पीपीपीची रचना पाठ करावी लागत नाही, ती विद्यार्थ्यास स्वतःच सुचते. अध्यापनाच्या दृष्टीने स्लिपचे महत्त्व यातच आहे.