तंजावरच्या पेठेत घर हाच कारखाना

तंजावर : उद्योग शहराबाहेर आणि वस्ती आत, ही विभागणी आधुनिक नगररचनेने गृहीत धरली आहे. तंजावरच्या जुन्या पेठेत ती पुरती रुजलेली नाही. राजवाड्याभोवतीच्या चार मुख्य रस्त्यांपैकी दक्षिणेकडील रस्त्यावर आणि शिवगंगा उद्यानाच्या परिसरात वीणा घडविणारी कुटुंबे राहतात. त्यांच्या घरी पुढच्या खोलीत पटाशी चालते आणि मागे चूल पेटते.

वीणेसाठी फणसाचे लाकूड लागते. ते मुख्यतः कडलूर जिल्ह्यातील पन्रुटी परिसरातून येते. त्यातून भोपळा, दांडी आणि टोकाचे यालीमुख कोरले जाते. हे सारे एकाच ओंडक्यातून साधले, तर ती ‘एकांड वीणा’; तिचा मान आणि मोल दोन्ही अधिक. खरी कसोटी मात्र पडदे बसविताना लागते. मेणाच्या काळ्या लेपावर 24 पडदे एकेक करून स्वराला लावले जातात. येथे मोजपट्टीपेक्षा कान महत्त्वाचा, आणि तो कान घरातच, वर्षानुवर्षे ऐकून तयार होतो. 24 अचल पडद्यांच्या या रचनेचे श्रेय सतराव्या शतकातील रघुनाथ नायकांना दिले जाते.

नायकांनंतर 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी येथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली. ती 1855 पर्यंत टिकली. प्रसिद्ध तंजावर थाळीचा उगम स्थानिक परंपरा दुसऱ्या सरफोजीराजांच्या (1798-1832) दरबाराशी जोडते. थाळीचे कामही वाटलेले असते. पितळेची बैठी थाळी एक कारागीर घडवितो, चांदीच्या पत्र्यावर देवप्रतिमा उठविण्याचे काम दुसऱ्याचे, आणि ती नक्षी थाळीवर जडविणारा हात बहुधा तिसराच. अशा साखळीत एक घर बंद पडले, तर शेजारच्यांचे कामही अडते. म्हणूनच येथे शेजार हाही भांडवलाचाच भाग आहे.

तंजावर वीणेला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला ते 2024 मध्ये लाभले. तेथेही वाद्ये गल्लीतल्या घरांतच घडत आली आहेत. मानांकनाने नावाची नक्कल रोखता येते, पण कारागिराच्या मुलाने पटाशी हाती घ्यावी याची तजवीज त्यात नाही. मेहनत मोठी, मिळकत अनिश्चित; शिकलेली मुले नोकरीकडे वळतात, यात नवल ते काय? तंजावर 2016 मध्ये स्मार्ट सिटी योजनेत आले. रस्ते आणि दिवे यांचा हिशेब अशा योजनांत सहज मांडता येतो. ओट्यावरच्या कारखान्याची नोंद निवासी म्हणून करावी की औद्योगिक, हे ठरविणे तितके सोपे नाही.

या पेठेचे काम विक्रीपाशी संपत नाही. काही वर्षांनी पडद्यांखालचे मेण झिजते, स्वर ढळतात आणि पडदे पुन्हा बसवावे लागतात. तेव्हा अनेक वादक दूरच्या शहरांतून आपली वीणा घेऊन पुन्हा याच गल्लीत येतात.