‘ट्रॅप’ म्हणजे जिना

भूगर्भशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत महाराष्ट्रांतील काळ्या पाषाणाला ‘डेक्कन ट्रॅप’ असें नांव आढळतें. पैकीं ‘डेक्कन’ हें आपल्या ‘दक्खन’चें रूप, हें सहज ध्यानांत येतें. ‘ट्रॅप’पाशीं मात्र विद्यार्थी अडखळतो. या शब्दाचा अर्थ सापळा असा तो शाळेंत शिकलेला असतो. मग पाषाणाचा आणि सापळ्याचा संबंध काय?

तो अर्थ येथें अभिप्रेतच नाहीं. हा शब्द स्वीडिश भाषेंतून आला असून त्या भाषेंत ‘ट्रप्पा’ म्हणजे जिना. पायऱ्यापायऱ्यांनीं चढत जाणाऱ्या काळ्या खडकांना तिकडील शास्त्रज्ञांनीं अठराव्या शतकांत हें नांव दिलें. पुढें १८३३ च्या सुमारास कर्नल साइक्स यांनीं दक्खनच्या खडकांचें वर्णन करतांना तेंच योजिलें.

नांव किती यथार्थ आहे, हें महाडहून रायगडाकडे जातांना कळतें. उभा कडा, त्यावर उतरती माची, पुन्हा कडा! पोलादपूरहून आंबेनळी घाटानें महाबळेश्वर चढतांनाहि हाच क्रम दिसतो. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून तप्त रस पुनःपुन्हा उसळून थरांवर थर सांचले. एकेका थराचा आंतील भाग घट्ट, तर माथ्याकडील भाग वायूच्या बुडबुड्यांमुळें सच्छिद्र. दोन थरांमध्यें कोठें कोठें तांबड्या मातीचा पट्टा. घट्ट भाग सहसा झिजत नाहीं, त्याचा कडा होतो. मऊ भाग झिजून उतार होतो व त्यावर माती सांचते.

जेथें माती, तेथें शेत. शिवाय भेगांतून मुरलेलें पाणी खालच्या घट्ट थरावर अडून झऱ्यानें बाहेर येतें. म्हणून वाड्याहि या पायऱ्यांवरच वसल्या. परंतु अतिवृष्टींत तेंच पाणी मातींत कोंडतें, माती जड व सैल होते आणि उतार सुटतो. जुलै २००५ मध्यें महाड तालुक्यांतील दासगांव, जुई, रोहन व कोंडिवते येथें असाच घाला पडला. २२ जुलै २०२१ रोजीं तळिये गांवावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्याच पावसांत पोलादपूर तालुक्यांतहि दरडी आल्या.

मुंबई-पुण्यास राहणाऱ्या कित्येक कुटुंबांचीं मूळ घरें, आणि त्यांत वडील माणसें, या पायऱ्यांवर आहेत. उतारावर नवी भेग पडणें, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होणें वा आटणें, झाडें व खांब कलणें, दारें चौकटींत अडकूं लागणें हीं चिन्हें त्यांना आधींच समजावून द्यावींत. मुसळधार पावसांत यांपैकीं एक जरी दिसलें, तरी सामानाचा मोह न धरितां, रात्र असली तरी, उतारापासून दूर सुरक्षित जागीं जावें व शेजाऱ्यांनाहि हांक द्यावी.